आबांसाठी सांगितलेली डोली

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत कुणाला जंगलात जायचं असलं किंवा गड चढायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. मी काही मोठा गिर्यारोहक नाही. दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टने जातो. पण कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली वीस वर्षं मी तक्ते करतोय. लोखंड भरलेला ट्रेलर किती वाजता सुटेल, घाटात किती वेळ खाईल, ड्रायव्हर कुठे जेवेल, सगळं चौकटीत बसवायचं. तोच हात मी हळूहळू जंगलाला लावला. सफारीचं बुकिंग कधी उघडतं, कुठल्या गेटला कुठला गाइड चांगला, बुटांच्या आत किती जाड मोजे घालायचे, हे सगळं मला तोंडपाठ आहे. आजवर अकरा सहली आखल्या. त्यातल्या चारांनाच मी स्वतः गेलो, हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

त्या चारांतली एक ताडोब्याची. जायच्या आधी मी सगळ्यांना प्राण्यांची छापील यादी वाटली होती. दिसेल त्या प्राण्यापुढे पेनने खूण करायची, म्हणजे परत आल्यावर वाद नको. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपसमोरून वाघ रस्ता ओलांडून गेला. अगदी रमतगमत गेला म्हणतात. जीपमधल्या पाचही जणांनी पाहिला, ड्रायव्हरने पाहिला, गाइडने पाहिला. मी मान खाली घालून नीलगायीपुढे खूण करत होतो. वर पाहिलं तेव्हा गवत हलत होतं. मागच्या सीटवरच्या शेजाऱ्याने काढलेला फोटो अजून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. त्यात वाघ आहे, आणि वाघाच्या पुढ्यात माझं टक्कल आहे.

तर अशा माणसाला माझ्या वडिलांनी एक काम सांगितलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. साताऱ्याकडच्या डोंगरातलं आमचं गाव. सोळाव्या वर्षी ते मुंबईला आले आणि हमाल झाले. पुढे वाशीच्या एपीएमसी मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर, पाठीवर पोती वाहिली. शेवटची दहा वर्षं टोळीचे मुकादम होते. 'उचला रं' हा त्यांचा शब्द एका गाळ्यावर काढला की चौथ्या गाळ्यावर ऐकू जायचा. घरात फ्रिज हलवायचा असला तरी ते तसाच आवाज देतात, आणि मी बेसावध असलो तरी माझे हात आपोआप फ्रिजखाली जातात. आता ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.

लहानपणापासून मी त्यांच्या तोंडून एक गोष्ट ऐकत आलोय. ते पंधरा वर्षांचे असताना गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, म्हशी चारत होते. एकदम कारवीच्या झुडपांतून गवा बाहेर आला. म्हशींच्या मधोमध येऊन उभा राहिला. आबा काठी टेकून त्याच्या समोर उभे राहिले. त्याने बघितलं, यांनी बघितलं, आणि गवाच मान फिरवून निघून गेला. ही गोष्ट त्यांनी टोळीत सांगितली, लग्नांत सांगितली, माझ्या बायकोला ती नवी नवरी असताना सांगितली, आणि माझ्या मुलीला तर इतक्यांदा सांगितली की गवा कुठल्या बाजूने येतो ते तीच आधी सांगायची.

ऑपरेशनची तारीख ठरत होती त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मला एकदा त्या सड्यावर ने. गुडघं बदलायच्या आदी."

"आबा, तिथे आता परवाना लागतो. आणि चढ आहे. त्यापेक्षा ताडोब्याला नेतो. जीपमध्ये बसायचं, वाघ बघायचा."

"तुला दिसला व्हता का?"

टकलाचा तो फोटो त्यांनीही पाहिला होता.

"मला गवा बगायचाय," ते म्हणाले. "एकदाच. दुसरं काय नगं. ऑपरेशननंतर पाय कसं ऱ्हात्यात, कुनाला ठावं."

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. चष्म्याची काडी मोडली तर दोरा बांधून वापरतात. म्हणून मी ठरवलं की हे काम असं करायचं की नाव निघालं पाहिजे. इथेच माझं चुकलं, पण ते कळायला वेळ होता.

मी सहा पानांचा तक्ता केला. पहिल्या पानावर वेळा, दुसऱ्यावर सामान, तिसऱ्यावर औषधं. चौथं पान अख्खं 'ज्येष्ठ नागरिक' या मथळ्याखाली आबांना दिलं होतं. दर वीस मिनिटांनी विश्रांती, दर चाळीस मिनिटांनी गूळ-शेंगदाणे, काठी दोन, गुडघ्याचे पट्टे चार. पाचव्यावर प्राणी दिसल्यास काय करावे. सहावं पान कोरं होतं, पण पाचापेक्षा सहा बरी वाटतात. सगळं लॅमिनेट करून घेतलं.

मग स्वतःच्या तयारीला लागलो. पाठीवर वजन घेऊन चालायचा सराव करावा असं कुठेतरी वाचलं होतं. आमच्या घरात वजन म्हणजे कांदे. आबांच्या जुन्या टोळीतला कुणी ना कुणी पोतं पाठवतोच. पाठपिशवीत दहा किलो कांदे भरून मी रोज सकाळी सोसायटीचे जिने चढू लागलो. तिसऱ्या दिवशी वॉचमनने अडवलं आणि विचारलं, "साहेब, कुठल्या फ्लॅटची ऑर्डर हाय?" सातव्या मजल्यावरच्या बाई तर पिशवी घेऊन दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दोन किलो द्या, पण ओले नकोत. आबा गॅलरीतून हे सगळं बघत होते. एकदाच म्हणाले, "पिशवी खाली लोंबतीया. पट्टा आवळ. वजन खांद्याच्या वर पायजे." मी म्हणालो, आबा, ही बॅग वेगळी असते. ते आत निघून गेले.

पण खरी करामत मी गुपचूप केली होती. आमच्या गावावरच्या डोंगरात एक देवी आहे. तिच्या दर्शनाला म्हाताऱ्या माणसांना डोलीतून नेतात. दोन बांबूंमध्ये बांधलेली खुर्ची आणि उचलणारे चौघे. मी तिथल्या गाइडला फोन करून आबांसाठी ती डोली सांगून ठेवली. बायकोला मोठ्या तोऱ्यात दाखवलं, चौथं पान, शेवटची ओळ.

तिने वाचलं आणि विचारलं, "त्यांना विचारलंत का?"

"सरप्राइज आहे."

"बघा बुवा," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. वीस वर्षांच्या संसारात 'बघा बुवा' याचा अर्थ मला अजून वेळेवर कळत नाही.

थंडी सरत आली होती. आबा आणि मी पहाटेच गाडीने निघालो आणि नऊच्या सुमाराला गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. गाइड माझ्याच वयाचा, वनखात्याच्या परवान्याचे कागद हातात घेऊन उभा होता. त्याच्या मागे आंब्याखाली चौघे जण बिडी ओढत बसले होते, आणि त्यांच्यापुढे डोली. खुर्चीवर लाल उशी होती. पाठीला प्लास्टिकच्या झेंडूची माळ गुंडाळली होती.

आबा गाडीतून उतरले. पाय मोकळे केले. डोलीकडे बघत राहिले.

"ही कुनासाठी?"

गाइडने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मी बोललो. "सामानासाठी."

"सामानासाठी खुर्ची?"

"कॅमेरा आहे ना. नाजूक असतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. एकदम मला माथेरान आठवलं. मी तेव्हा शाळेत होतो. आई दमली म्हणून तिला हातरिक्षेत बसवलं होतं आणि रिक्षावाला आबांना म्हणाला, तुम्हीपण बसा, जागा आहे. आबा बसले तर नाहीतच, उलट चढ आला तेव्हा मागून रिक्षा ढकलू लागले. ज्या माणसाने आयुष्यभर ओझ्याला पाठ दिली, त्याला मी चार माणसांच्या खांद्यावर बसवायला निघालो होतो, आणि तेही त्याच्याच गावात, लाल उशीवर. मला माझी लाज वाटली. सहा पानांत हे कुठेच नव्हतं.

शेजाऱ्याकडून मागून आणलेला कॅमेरा मग खरोखरच त्या उशीवर ठेवला आणि पट्ट्याने बांधला. चौघे एकमेकांकडे बघून हसत होते. आबांनी मात्र डोलीभोवती एक चक्कर मारली. बांबू दाबून पाहिला, एक गाठ सोडून पुन्हा आवळली. त्या चौघांतल्या एकाचा खांदा सोलवटला होता. आबांनी स्वतःचा पंचा पिळला, त्याची गोल चुंबळ केली आणि त्याच्या खांद्यावर ठेवून दिली. "बांबू हाडावर नगं घिऊस. मासावर घे," म्हणाले. तो माणूस थेट आबांच्या पाया पडला. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

चढताना मी पुढे होतो. नवे बूट, गॉगल, गळ्यात लॅमिनेट केलेला तक्ता. पहिली वीस मिनिटं मी एवढ्या वेगात चढलो की गाइडने दोनदा हाक मारली. मग मी एका दगडावर बसलो, ते उठवेचना. आबा मागून आले. त्यांची चाल मी लहानपणापासून बघितली होती, पण अशी कधी नीट पाहिली नव्हती. पावलं छोटी, गुडघा फारसा वाकवायचा नाही, तोंड मिटलेलं, नजर दोन हात पुढच्या वाटेवर. दुखत होतं त्यांना. ओठ पांढरे पडले होते. पण ते थांबले नाहीत. मी म्हणालो, आबा, वीस मिनिटं झाली, विश्रांती. ते म्हणाले, "बसलं की परत उठायचं वजन वाढतं," आणि पुढे गेले. डोलीवाले कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे. माझा दगड मला फार आवडला होता, तरी उठलो.

सड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाइडने पाणवठ्यापासून लांब, एका खडकाआड बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी तक्त्यात 'निरीक्षण : दोन तास' असं लिहिलं होतं. दोनाचे अडीच झाले. ताजं शेण दिसलं, चिखलात खूर उमटलेले दिसले, एक माकड दिसलं. गवा नाही. आबा खडकाला टेकून त्या पाण्याकडे बघत होते. मी हळूच म्हणालो, "आबा, पुढच्या वर्षी परत येऊ." बोलताना मलाही खरं वाटलं नाही.

ते म्हणाले, "ती गोष्ट खोटी हाय."

"कुठली?"

"मी उभा ऱ्हायलो न्हवतो. पळालो."

ते पाण्याकडेच बघत बोलत होते.

"हितंच. ह्या खालच्या अंगाला. गवा निघाला आन् मी काठी टाकून पळालो. म्हसरं तशीच. एक रेडकू व्हतं, आठ दिसांचं. त्या गडबडीत तुडावलं गेलं. म्हस आटली. बाप कायसुद्दा बोलला न्हाई. चार ठिवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्साला चुलत्यासंगं मला मुंबईला लावून दिला. मला वाटायचं, म्हसरं राखाय नालायक ठरलो म्हनून पाठिवला." मग म्हणाले, "एकदा त्याच्या म्होरं उभं ऱ्हायचं व्हतं. बास."

सबंध आयुष्य मी ज्या गोष्टीवर मोठा झालो, तिच्या आत हे होतं, आणि मी त्यांच्यासाठी गुडघ्याचे पट्टे चार असं लिहून आणलं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

साडेचारला गाइड उठला. अंधाराच्या आत खाली पोचायला हवं होतं. आबाही उठले.

उतरताना आबांकडे लक्ष ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. दहाव्या मिनिटाला माझाच पाय घसरला. घोटा पिरगळला, आणि तो सावरायला गेलो तर दुसऱ्या पायाच्या पोटरीत गोळा आला. मी जो ओरडलो, त्याने आसपासची सगळी पाखरं उडाली. बूट काढला तर घोटा टम्म फुगलेला. उभं राहायचा प्रयत्न केला आणि खाली बसलो. गाइडने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डोलीकडे पाहिलं.

"साहेब, कॅमेरा काढू का?"

मी आबांकडे पाहिलं. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त माझी पाठपिशवी उचलली, पट्टा आवळला आणि खांद्यावर घेतली. चौघांनी मला खुर्चीत बसवलं. लाल उशी, मागे झेंडूची माळ, गळ्यात तक्ता. मी अठ्ठ्याऐंशी किलोंचा आहे. बांबू कुरकुरले. डोलीवाल्यांनी एकदम दम घेतला आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "आजी बऱ्या असत्यात." मी त्याचं मनावर घेतलं नाही. घेण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

तशी आमची वरात निघाली. पुढे गाइड, मग आबा, मागे मी. एका वळणावर गाइड जागच्या जागी थांबला आणि त्याने मागे न बघता हात वर केला.

गवा वाटेतच उभा होता. चाळीस-पन्नास पावलांवर असेल. फोटोत दिसतो त्याहून तो फार मोठा असतो. काळा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, खांद्यावर उंचवटा. त्याने मान उचलून आमच्याकडे पाहिलं आणि जोरात फुसकारला. गाइड अगदी हळू म्हणाला, डोली खाली, आवाज नको, एकेकाने मागे सरका. चौघांनी मला जमिनीवर टेकवलं आणि एकेक पाऊल मागे जात झाडांआड झाले. त्यांचं बरोबर होतं. माझ्या पाचव्या पानावरही तेच लिहिलं होतं : गवा दिसल्यास शांतपणे मागे सरकावे. खुर्चीत बसलेल्या माणसाने काय करावे, हे लिहायचं राहिलं होतं. उठायला गेलो तर पाय हलेना. मी एवढंच म्हणालो, "आबा, तुम्ही मागे व्हा."

आबा मागे आले, पण माझ्यापर्यंतच. डोलीच्या पुढ्यात, माझ्या आणि गव्याच्या मधे उभे राहिले. एक हात मागे घेऊन त्यांनी बांबू धरला. मला त्यांची पाठ दिसत होती आणि पाठीवर माझी पिशवी, नीट वर आवळलेली. त्यांचे पाय थरथरत होते. गुडघ्यांमुळे की भीतीने, ते मला सांगता येणार नाही. गव्याने एक पाऊल पुढे टाकलं. आबा हलले नाहीत. त्याने खुराने माती उडवली. आबा हलले नाहीत. मला रडू फुटलं, आणि आवाज होऊ नये म्हणून मी तक्त्याचं टोक दातांत धरलं.

मग काय झालं कुणास ठाऊक, गव्याने मान फिरवली आणि तो कारवीत शिरला. बराच वेळ फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. कॅमेरा गाइडच्या गळ्यात होता आणि त्याने एकही फोटो काढला नव्हता.

आबा वळले. चेहरा घामाने निथळत होता. मी विचारलं, "आबा, तुम्ही का नाही पळालात?"

त्यांना माझा प्रश्न जरा मूर्खपणाचाच वाटला असावा.

"माल टाकून हमाल पळतो व्हय?" ते म्हणाले.

मी खुर्चीच्या हाताला धरून उठू लागलो. म्हणालो, आता उतरतो, लंगडत येईन, तुमच्यापुढे मला बसून जायची लाज वाटते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत उशीवर दाबलं.

"गप बस. पोचल्याबिगर उतरायचं नसतं."

आणि झाडांआडच्या चौघांकडे वळून त्यांनी कांदा-बटाट्याच्या गाळ्यावरचा तोच आवाज दिला, "उचला रं." सवयीने माझे हात खुर्चीखाली गेले. चौघे धावत आले, बांबू खांद्यावर घेतले, आणि आबा माझ्या बाजूने, बांबूला हात लावून, खाली पोचेपर्यंत चालत राहिले.